३९२ पायऱ्यांचा पुरावा

आमच्या पर्वती मंडळात सभासदाकडून एकाच गोष्टीची अपेक्षा असते. पहाटे पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या चढून जायचे आणि वर पोहोचल्यावर आपल्याला धाप लागलेलीच नाही, अशा चेहऱ्याने देशाच्या राजकारणावर बोलू लागायचे. मी या मंडळाचा सात वर्षे सभासद आहे आणि या सात वर्षांत माझे राजकीय विचार कोणीही ऐकलेले नाहीत, कारण चर्चा वर चाललेली असताना मी साधारण निम्म्या वाटेवर बुटाची नाडी बांधत असतो. त्यामुळे नानजिंगमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या पुतण्याने उन्हाळ्यात आम्हा नवराबायकोला बोलावले आणि तेथे चिनी क्रांतीचे नेते सन यत-सेन यांच्या समाधीला ३९२ पायऱ्या आहेत असे सहज सांगितले, तेव्हा मला चीनच्या इतिहासात एकाएकी रस वाटू लागला. पर्वतीच्या मापात हे चार पर्वती वजा २० पायऱ्या होतात. एवढे एकदा चढून आलो, की बुटाच्या नाडीचा विषय कायमचा मिटणार होता.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो आणि समाधी बंद होती, कारण तो सोमवार होता. ज्या प्रदेशात सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नसते तेथून आलेल्या माणसाला अशी शंका येणे शक्यच नव्हते. “काका, मी विचारलं होतं तुम्हाला, मंगळवारी जायचं का म्हणून,” असे पुतण्या म्हणाला, आणि सौभाग्यवतींनी त्याला साक्ष दिली. मग तो दिवस आम्ही त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीकडे वळवला. तेथल्या वाटेवर दुतर्फा दगडी प्राणी आहेत: सिंह, उंट, हत्ती, घोडे आणि दोन काल्पनिक जाती, प्रत्येकी चार, त्यांतले दोन बसलेले आणि दोन उभे. सौभाग्यवतींनी बसलेल्या हत्तीकडे बराच वेळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि काहीही न बोलता त्या पुढे चालू लागल्या.

मंगळवारी पासपोर्ट, आगाऊ नोंदणी, छत्र्या आणि मेथीचे ठेपले अशा पूर्ण तयारीने आम्ही पुन्हा निघालो. मेट्रोच्या ज्या स्थानकावर उतरलो त्याच्या नावाचा अर्थ ‘घोड्यावरून उतरण्याची कमान’ असा आहे. सम्राटाच्या समाधीकडे जाताना मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही तेथे पायउतार व्हावे लागे. शिवाय नानजिंगची गणना चीनच्या तीन प्रसिद्ध ‘भट्ट्यां’मध्ये होते, आणि हे विशेषण कवींनी दिलेले नसून घामाने दिलेले आहे, हे मला पहिल्या शंभर पावलांतच समजले. थंड पाणी मागावे तर वाफाळते पाणी पुढे येई. त्या उन्हात आसपासची सगळी वडीलधारी मंडळी थर्मासमधून गरम पाण्याचे घोट घेत शांतपणे चढत होती.

सुरुवातीला एक तीन दरवाजांची दगडी कमान लागते. तिच्यावर सन यत-सेन यांच्या हस्ताक्षरातली ‘विश्वप्रेम’ या अर्थाची दोन अक्षरे आहेत. पुढे झाडांमधून जाणारा लांब रस्ता आणि मग निळ्या कौलांचे प्रवेशद्वार. त्यावर ‘जग सर्वांचे आहे’ अशा अर्थाचे त्यांचे आवडते वचन कोरलेले आहे. ते पटायला मला वेळ लागला नाही, कारण ते सर्व त्या दिवशी तेथेच आलेले होते. प्रत्येक गटापुढे झेंडा धरलेला एक मार्गदर्शक, त्याच्या कमरेला ध्वनिक्षेपक, आणि मागे एकसारख्या टोप्या घातलेले चाळीस लोक, असे दहाबारा गट एकमेकांत मिसळत आणि पुन्हा अचूक वेगळे होत. मी एकदा पिवळ्या टोप्यांबरोबर बराच पुढे वाहवत गेलो होतो, तेव्हा पुतण्याने मला दंडाला धरून परत आणले.

त्यानंतर शिलालेखाचा मंडप येतो, आणि येथे मी बसलो. बसण्याला अभ्यासाचे कारण होते. आत प्रचंड उंच शिळा आहे आणि तिच्यावर चरित्र नाही, स्तुती नाही. चिनी राष्ट्रीय पक्षाने आपल्या नेत्याला येथे १ जून १९२९ रोजी दफन केले, एवढाच मजकूर आहे. ज्या माणसाने दोन हजार वर्षांची राजेशाही संपवण्याच्या लढ्याचे नेतृत्व केले, १९१२ साली याच शहरात प्रजासत्ताकाच्या हंगामी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि ज्याच्या नावाचा रस्ता चीनमध्ये आपल्याकडच्या महात्मा गांधी रस्त्याइतकाच हटकून सापडतो, त्याच्यासाठी एक वाक्य. आपल्याकडे बसथांब्याच्या कोनशिलेवरही याहून अधिक नावे मावतात. “हेही डॉक्टरच होते, काका,” पुतण्या अभिमानाने म्हणाला. मी त्याला माझी नाडी पाहायला सांगितली. त्याने ती पाहिली आणि विषय बदलला.

मंडपाबाहेर येऊन वर पाहिले आणि माझा धीर खचला, कारण समोर पायऱ्यांवाचून दुसरे काहीच नव्हते. पांढऱ्या दगडाची एक सलग भिंतच आकाशाला टेकवून ठेवली होती म्हणा ना. खरे तर मध्ये मध्ये ऐसपैस सपाट टप्पे आहेत, पण खालून पाहणाऱ्याला ते दिसू नयेत अशी वास्तुविशारदाने योजना केलेली आहे. ल्यू यान्झी हे त्याचे नाव. सन यत-सेन १९२५ मध्ये बीजिंगला वारले, त्यानंतर स्मारकासाठी झालेल्या स्पर्धेत या तरुणाचा घंटेच्या आकाराचा आराखडा पहिला आला. टप्पे लपवणाऱ्या या गृहस्थाबद्दल मी चढताना मनात जे काही बोललो, त्याची वर पोहोचल्यावर मला लाज वाटली. १९२९ साली काम पूर्ण होण्याआधीच तो गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी.

मी वर पोहोचलो, हे येथे स्वच्छपणे नोंदवून ठेवतो. पाच ठिकाणी थांबलो, एका आजीबाईंनी मला मागे टाकले आणि सौभाग्यवती अर्धा तास आधी पोहोचून सावलीत ठेपला खात होत्या, हे सर्व मान्य आहे. वर तीन दरवाजांचे सभागृह आहे आणि आत पॉल लांडोव्स्की या शिल्पकाराने घडवलेला सन यत-सेन यांचा संगमरवरी बैठा पुतळा आहे. रिओच्या डोंगरावरचा हात पसरलेला ख्रिस्त याच शिल्पकाराचा. त्या पुतळ्यापुढे मघाचे सगळे ध्वनिक्षेपक आपोआप गप्प झाले होते, आणि मीही माझी धाप शक्य तितकी आवरून धरली.

बाहेर येऊन मी पुरावा म्हणून वरून खाली छायाचित्र घेतले. घेताना लक्षात आले, की खाली एकही पायरी दिसत नाही. वरून पाहणाऱ्याला फक्त सपाट टप्पे दिसतात आणि पायऱ्या साफ नाहीशा होतात. ल्यू यान्झीच्या योजनेचा हा उत्तरार्ध होता. त्या क्षणी मला तिचे फार कौतुक वाटले.

चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालत नसल्यामुळे ते छायाचित्र मंडळापुढे आले ते थेट पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी. अध्यक्ष निवृत्त अभियंता आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते बारकाईने पाहिले आणि म्हणाले, “मैदान छान आहे. पायऱ्या कुठे आहेत?” मी खालून घेतलेले छायाचित्र दाखवले. त्यात पायऱ्याच पायऱ्या होत्या, पण मी नव्हतो. मी वास्तुशास्त्र समजावून सांगू लागलो, तेव्हा चिटणीसांनी काकूंनी काढलेले एखादे छायाचित्र आहे का, असे विचारले. ते होते. त्यात मी शिलालेखाच्या मंडपाशी छत्री उघडून बसलेलो आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंडळाच्या उपस्थितीत प्रात्यक्षिक घेण्याचे ठरले. मी निघालो उत्साहाने, पण एकेचाळिसाव्या पायरीवर नाडी सुटली. वर मंडळी कठड्यापाशी ओळीने उभी राहून खाली पाहत होती. पर्वतीच्या पायऱ्या वरून पाहिल्या तरी पायऱ्याच दिसतात, आणि त्यांच्यावर बसलेला माणूसही दिसतो.