दिवसाला ४०० पौंड, पण कुणाच्या हातात?

कंत्राटी काम मिळवून देणाऱ्या एजन्सीचा लंडनचा एजंट फोनवर छातीठोकपणे सांगतो, दिवसाला ४०० पौंड. म्हणजे आठवड्याला २०००. आणि पेस्लिप उघडली की? अंब्रेला कंपनीचं, म्हणजे मला कागदोपत्री नोकरीवर ठेवून एजन्सीच्या पैशातून माझा पगार काढणाऱ्या मधल्या कंपनीचं, मार्जिन २० पौंड, मग मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता), वर अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर) ०.५ टक्के. उरतात साधारण १७२५. माझा इन्कम टॅक्स आणि माझा नॅशनल इन्शुरन्स तर अजून कापायचाच आहे! मालकाचा वाटा माझ्या रेटमधून का जातो? एप्रिल २०२५मध्ये तो १३.८ वरून १५ टक्के झाला, तेव्हा भुर्दंड कुणाला? मलाच!

सुट्टीच्या पगाराने तर डोकंच फिरतं. १२.०७ टक्के बाजूला काढतात, तेही माझ्याच पैशातून. वर्ष संपायच्या आत मागितले नाहीत म्हणून मागच्या वेळी सगळे बुडाले. माझ्या घामाचे पैसे मीच मागत फिरायचे?

सही करण्याआधी एजन्सीने सगळ्या कपातींचा कागद द्यायचा, हा नियम २०२०पासून आहे. मला तो मागितल्याशिवाय एकदाही मिळालेला नाही. एकदाही नाही!

आणि ‘८५ टक्के हातात पडतील’ म्हणणाऱ्या त्या अंब्रेला कंपन्या! टॅक्स चुकवायला पगाराचा मोठा भाग कर्ज म्हणून दाखवतात. पुढे टॅक्सची नोटीस कामगाराच्या दारात येते, तोवर कंपनीने गाशा गुंडाळलेला असतो. काल पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका पोराने मला अशाच कंपनीची लिंक पाठवली. विचारतो, ‘दादा, घेऊ का?’

अरे, नको!