पाल चुकचुकली पाहिजे

घरात पाल चुकचुकली की आपल्याकडची थोरली माणसं बोटांनी टेबल वाजवतात आणि "कृष्ण कृष्ण" म्हणतात. मॉरिस मायनर ही जुनी इंग्लिश मोटार बाळगणाऱ्यांचं उलटं असतं. पाल चुकचुकली नाही, तर आम्ही पान्यानं ठोकतो आणि मग "कृष्ण कृष्ण" म्हणतो.

ही पाल म्हणजे बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर बसवलेला एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हे स्किनर मूळचे बूट-चपलांच्या धंद्यातल्या घराण्यातले, आणि त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भांड्यात, चामड्याचा भाता होता. अथणी-निपाणीकडच्या माणसाला या गाडीविषयी उगाच आपुलकी वाटते ती यामुळेच असावी.

पंपाचं काम साधं. चावी फिरवली की कॉइलमध्ये करंट जातो, डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, खेचला जातो, मागच्या टाकीतलं पेट्रोल आत येतं. खेच पूर्ण झाली की पाईंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके, 'टक्' करून सुटतात, करंट तुटतो आणि स्प्रिंग डायफ्राम परत ढकलते. एक टक्, एक घोट. कार्बोरेटरची वाटी भरली की स्प्रिंग दाब धरून थांबते आणि पंप गप्प बसतो. तेव्हा चावी फिरवल्यावर आधी भराभर टकटक, मग सावकाश, मग शांतता, ही निरोगी पंपाची नाडी. बॉनेट उघडण्याआधी ती ऐकायची.

पण ऐकू कोण देतो? गाडी बेळगावात टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर बंद पडली की फाटक उघडेपर्यंत अर्धा डझन वैद्य जमतात. "कार्बोरेटर खोल की गा!" "बॅटरी गेली असंल बघा." एखादे आजोबा कानडीतून विचारतात, "पेट्रोल ऐतेन्री?" म्हणजे पेट्रोल आहे का? त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तेवढ्यात एखादा पोरगा सुचवतो, "काका, इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाका ना." त्याला प्रेमानं सांगायचं, बाळा, तो पंप चाळीस पीएसआयच्या (दाबाचं माप) वर दाब देतो. आपल्या कार्बोरेटरला दीडच्या आसपास पुरतो. तुझा पंप लावला तर वाटीतली पेट्रोल अडवणारी सुई पहिल्या दणक्यात हार मानेल आणि पेट्रोल थेट रस्त्यावर येईल.

टक् अजिबात नाही, तर आधी वीज बघायची. मूळ वायरिंगमध्ये पंपाकडे पांढरी वायर जाते. आपल्याकडे मात्र शेवटच्या वायरमनच्या खिशात उरला असेल तो रंग सापडतो. मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नका. एका केसाएवढ्या तारेवर लटकलेला जोडही मीटरला बारा व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, मग जोडाचं सोंग गळून पडतं. बल्बची दुसरी तार बॅटरीला नव्हे, पंपाच्या अंगाला लावायची, म्हणजे अर्थिंगही तपासलं जातं. हौसेनं नवा रंग मारलेल्या गाडीत दोष बहुतेक तिथंच असतो. पत्र्यावर रंग, रंगावर पंप, अर्थ कुठून मिळणार? आणि मायनरमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असतो हे विसरू नका. जुन्या पाईंटच्या पंपाला उलटसुलट चालतं, पण आत डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक किट असेल तर ते उलट्या जोडणीत जळतं.

वीज आहे आणि टक् नाही, तर पान्याच्या मुठीनं पंपाच्या धातूच्या अंगावर हलकेच ठोका. काळ्या टोपीवर नको, ते बेकेलाइट आहे, तडकतं. ठोकल्यावर पंप जागा झाला तर पाईंट काळे पडलेत. बॅटरीची तार काढा, टोपी उतरवा, पाईंटमधून जाड कागदाची पट्टी ओढा, फार तर झिरो पेपर, म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर. टोपीखालचा नट टूबीए या जुन्या इंग्लिश मापाचा आहे. तो हरवला की दुकानदार एम-५चा नट देतो आणि तो बसतोही, ढिला. दोन दिवसांनी पंप पुन्हा मुका. त्यापेक्षा उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर एक पितळी नट कातून घ्या.

एवढ्यानं भागलं नाही तर पंप टेबलावर. खाली जुनं धोतर अंथरा, हे महत्त्वाचं. कडेचे सहा स्क्रू काढण्याआधी दोन्ही अर्ध्यांवर एक ओरखडा मारून ठेवा. डायफ्राम उलटा फिरवत सोडवला की त्याच्या पाठीमागून पितळेचे बारीक रोलर टपाटप पडतात. मोजून अकरा, एकादश रुद्र म्हणून लक्षात ठेवा. दहा सापडले तर अकरावा कपाटाखाली आहे. परत बसवताना पाईंटची वरची पट्टी बाजूला ठेवून डायफ्राम आत फिरवत न्या आणि मधूनमधून दाबून बघा. रॉकरची, म्हणजे पाईंट उघडझाक करणाऱ्या कळीची, उडी थांबली की एकेक भोक मागे या. उडी जेमतेम सुरू झाली की तिथून आणखी चार भोकं मागे. कडेला सहा भोकं असतात, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. अंदाजानं पाच केलेले महाभाग असतात. त्यांचे पंप कसे चालतात ते विचारू नका.

इंजिन बंद आणि चावी चालू असताना पंप सारखा टकटकत राहिला, तर पेट्रोल कुठून तरी निसटतंय. पंपाच्या तोंडावरची नळी काढून अंगठा दाबा. दहा-पंधरा सेकंद गप्प राहिला तर पंप निर्दोष, कार्बोरेटरच्या सुईखाली कचरा आहे. नाही राहिला तर पंपाचेच व्हॉल्व्ह बघा.

मे महिन्यात चोर्ला घाटात गाडी गुदमरली तर पंपाला शिव्या देऊ नका. नळीत पेट्रोलची वाफ धरलेली असते. ओलं फडकं गुंडाळा आणि अर्धा तास सावली बघा. तोवर टाकीचं झाकण उघडून 'फुस्स' होतं का तेही ऐका. झालं तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

राहिला शेवटचा प्रकार, मशीनगनसारखी टकटक आणि पेट्रोलचा थेंब नाही. पंप हवा ओढतोय. बाहेर जाणारी नळी काचेच्या बाटलीत सोडा. मिनिटाला अर्धा लिटर यायला पाहिजे. कमी आलं आणि सोबत बुडबुडे दिसले, तर टाकीपासून पंपापर्यंतचा प्रत्येक जोड संशयित. साबणाचा फेस इथं कामाचा नाही, कारण ही गळती बाहेर येत नाही, आत जाते. फायबरचे वायसर बदला, रबरी नळी बदला. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही. पंपाच्या बुडाशी असलेली जाळीही धुवा.

मात्र हे सगळं करण्याआधी मागचं बंपर धरून गाडी जरा हलवा आणि टाकीत डुचमळतंय का ते कान देऊन ऐका. मायनरच्या काट्यावर विसंबू नका. आवाज आला नाही, तर त्या आजोबांना "इल्री", म्हणजे नाही हो, म्हणून उत्तर द्यायचं आणि कॅन घेऊन पंपाकडे, म्हणजे त्या दुसऱ्या पंपाकडे, चालायला लागायचं.