रेडिएटरातली कोल्ड कॉफी

पोकलेनचा मालक म्हणजे दर महिन्याला हप्ता भरणारा माणूस. बाकी मशीन ऑपरेटरचं, डिझेल पंपवाल्याचं आणि घाई शेतकऱ्याची. मे महिन्यात आमचं मशीन दिंडोरीच्या बाजूला एका द्राक्षबागायतदाराच्या शेततळ्यावर होतं. मृगाच्या आत खड्डा पुरा करायचा, त्यात ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरायचा, नाहीतर आलेला पाऊस नुसता बघत बसायचा. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलेला. नाशिक शहरात आणि त्र्यंबकच्या वाटेवर जिकडे बघावं तिकडे खोदकाम, त्यामुळे बदली मशीन मागायची सोय नाही. आणि नेमका तेव्हाच ऑपरेटरचा फोन.

“शेठ, रेडिएटरमधून कोल्ड कॉफी येतेय.”

“काय येतंय?”

“कॉलेज रोडला मिळते ना, तसली. बर्फ तेवढा नाही.”

पाठोपाठ फोटो आला. त्याची दोन बोटं, बोटांवर जाडसर तपकिरी साय, आणि मागे ‘आता काय?’ असा चेहरा करून उभे असलेले बागायतदार.

मी पोहोचेपर्यंत बांधावर वैद्यकीय मंडळ बसलं होतं. ट्रॅक्टरवाला, विहिरीवरचा वायरमन, बागायतदारांचा पॉलिटेक्निकला जाणारा पुतण्या, आणि रसवंतीवरून ‘काय झालं बघू’ म्हणून आलेले दोघे. निदान एकमताने झालेलं होतं: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गेलं. नाशिक जिल्ह्यात कुठल्याही इंजिनाला काहीही झालं, तरी हेड गॅस्केटच जातं. माझे मेहुणे ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, आता रिटायर आहेत. त्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, “दाजी, विमानात असं होत नाही.” ही माहिती मी जपून ठेवली आहे.

नाशिकच्या अंबडहून मिस्त्री आले. साठीच्या पुढचे, बोलणं कमी, पान जास्त. मंडळाचं निदान त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पांढरा धूर? रेडिएटरात बुडबुडे?” दोन्ही नाही म्हटल्यावर ते इंजिनाच्या बाजूला वाकले. ऑइल फिल्टरच्या मागे एक चपटं झाकण असतं, त्यावर बोट ठेवून म्हणाले, “ऑइल कूलर.”

मंडळात शांतता पसरली. ह्या भागाचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. हप्ता भरूनही मी तो कधी पाहिला नव्हता. त्या झाकणाआड धातूच्या पातळ पत्र्यांची एक चळत असते. पत्र्यांच्या आतून इंजिनाचं तेल जातं, बाहेरून रेडिएटरचं पाणी फिरतं, आणि तेलाची उष्णता पाणी घेऊन जातं. दोघांनी एकमेकांना भेटायचं नाही, एवढीच अट. एका पत्र्याचा जोड उलला, की अट संपली.

“पण मग तेलच पाण्यात का गेलं? पाणी तेलात का नाही?” पुतण्याने विचारलं. पोरगा हुशार आहे.

“इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर तीन-चार बार. पाण्याचं जेमतेम एक. मग कोण कुणाच्या घरात घुसणार?” मिस्त्रींनी पिंक टाकली. “इंजिन बंद केलं की तेलाचं प्रेशर शून्यावर येतं, पाणी मात्र गरम आणि कोंडलेलं. मग ते घुसतं उलटं.” डिपस्टिक काढून बघितली, तर टोकाला पांढुरका थर होताच. “आता चावीला हात लावायचा नाही. पाणी बेअरिंगपर्यंत गेलं, तर कूलर राहील बाजूला आणि क्रँक उतरवायला लागेल.”

पार्ट आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण पैसे माझे. नाशिकला द्वारकेजवळच्या एका दुकानात काउंटरवरच्या माणसाने पहिला प्रश्न टाकला, “इंजिन नंबर?” एकाच मॉडेलात दोन-दोन प्रकारचे कूलर येतात, त्यामुळे नंबराशिवाय तो डबा उघडायला तयार नाही. ऑपरेटरला फोटो पाठवायला सांगितलं. पहिल्या फोटोत त्याचा अंगठा. दुसऱ्यात प्लेटवर पडलेलं ऊन. तिसऱ्यात प्लेट दिसली, पण मागच्या मालकाने मशीन विकताना तिच्यावरही पिवळा रंग मारलेला. शेवटी मिस्त्रींनी डिझेलच्या बोळ्याने ती घासली, तेव्हा नंबर उमटला. मग दुसरा प्रश्न: “ओरिजिनल देऊ, ओईएम देऊ, का चालून जाईल असं देऊ?” ओईएम म्हणजे कंपनीला पार्ट पुरवणाऱ्याचाच, पण त्याच्या स्वतःच्या डब्यातला. तिन्हीच्या किमती ऐकल्यावर तिसऱ्याचा मोह होतो. “गॅस्केट आणि ओ-रिंगा वेगळ्या घ्याव्या लागतील,” हे तो बिल झाल्यावर सांगतो.

जुना कूलर काढला, तर पत्र्यांवर खडूसारखा पांढरा थर. ऑपरेटर रेडिएटरात विहिरीचं पाणी ओतायचा. विचारल्यावर म्हणाला, “ह्याच पाण्यावरची द्राक्षं युरोपला जातात शेठ, इंजिनाला काय धाड भरली?” मिस्त्रींनी नखाने तो क्षार खरवडून त्याच्या तळहातावर ठेवला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घालायचं असतं, त्याने आतून गंज धरत नाही आणि क्षारही बसत नाही, असा एक छोटासा वर्ग घेतला. ऑपरेटरने तळहात झटकला.

आता जुना कूलर खरंच फुटलाय की नाही, हे पाहायचं होतं. त्याची सगळी तोंडं बंद केली, एका तोंडाला टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावली आणि निळ्या ड्रमात कूलर बुडवला. पाणी आधी चुलीवर तापवून घेतलं, कारण गार पाण्यात बारीक भेग मिटलेली राहते. ड्रमाभोवती गर्दी. रसवंतीवाला स्वतः आला. बराच वेळ काहीच नाही. पुतण्याने दबक्या आवाजात पुन्हा ‘हेड गॅस्केट’ म्हटलं. आणि मग खालून तिसऱ्या-चौथ्या पत्र्याच्या मधून बारीक बुडबुड्यांची एक सरळ माळ वर आली. सगळे “आला, आला!” करून ओरडले. मीसुद्धा ओरडलो. ज्याच्या बदलीचं बिल मी भरलंय ते खरंच फुटलेलं निघालं, ह्याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

“वेल्डिंग मारून बघू का?” वायरमन म्हणाला. मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आतल्या जोडाला वेल्डिंगचा रॉड पोचत नाही.

नवीन कूलर बसला तासाभरात. मिस्त्रींनी बोल्ट एका पुठ्ठ्यावर खोचून ठेवले होते, ज्या जागेचा त्याच जागी, कारण लांबी सारखी नसते. जुनं गॅस्केट खरवडताना आत कचरा पडू नये म्हणून भोकांत फडकी कोंबली. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्याकडे, थोडे थोडे करत टॉर्क पान्याने आवळले. मी हात जोडून म्हटलं, “झालं ना?” मिस्त्री म्हणाले, “आता कुठं सुरुवात.”

कारण कूलर बदलला, तरी तेलाची साय रेडिएटर, होस, इंजिनाभोवतीचं पाण्याचं जॅकेट, सगळीकडे चिकटलेली असते. ती धुवायची. ऑपरेटरने उत्साहाने गावातल्या दुकानातून कपड्यांची पावडर आणून ओतली. इंजिन तापल्यावर रेडिएटरातून फेस निघाला तो थांबेचना. बागायतदार ओरडले, “अहो, खरड छाटणी झालेली बाग आहे माझी, तिकडं जाऊ देऊ नका!” आम्ही घमेली घेऊन फेसामागे धावलो.

“कमी फेसाची पावडर पाहिजे,” मिस्त्री म्हणाले. “भांडी धुवायच्या मशीनची.” पंचक्रोशीत तसलं मशीन एकच, आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये. बायकोला फोन करून म्हटलं, पावडरचा डबा पाठव. ती म्हणाली, “भांडी किती आहेत?” मी म्हटलं, “एकच, पण वीस टनांचं.”

थर्मोस्टॅट काढून टाकला, म्हणजे पाणी न अडता सगळीकडे फिरेल. केबिनच्या हीटरमध्येही हेच पाणी जातं, म्हणून हीटर फुल सोडायला सांगितला. मे महिन्यात, दिंडोरीच्या उन्हात, केबिनमध्ये हीटर. ऑपरेटर बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. पाणी सोडायचं, भरायचं, तापवायचं, पुन्हा सोडायचं. निघालेलं पाणी ड्रमात साठवलं, ओढ्यात सोडलं नाही. तेल लागून फुगलेले, बोटाने दाबले की दबणारे होस बदलले. इंजिनाचं तेल आणि फिल्टर तर बदलावेच लागतात, ते धुवायच्या आधीच बदलले होते. तेव्हा डिझेल बंद ठेवून नुसता स्टार्टर फिरवला, तेलाचा काटा हलला, आणि मगच इंजिन चालू केलं होतं.

तळं मृगाच्या आत झालं. बागायतदारांनी तासाचे पैसे दिले, फेसाचे कापले.

मिस्त्रींनी जाताना सांगितलं होतं, काही तास चालल्यावर तेलाचा नमुना लॅबला पाठवा. कूलंटमध्ये सोडियम, पोटॅशियम असतं. तेलात ते वाढलेलं दिसलं, तर कुठून तरी पाणी येतंय असं समजायचं. डोळ्यांना दिसायच्या आधी रिपोर्टात कळतं. नमुना पाठवला. मी आंघोळीला गेलेलो असताना रिपोर्ट फोनवर आला आणि तो बायकोने उघडला. वर माझं नाव, खाली ‘सोडियम: जास्त’.

त्या दुपारपासून आमच्याकडे आमटी अळणी आहे. लोणचं फ्रीजवर चढलं आहे, पापड कुणी तळत नाही. तो रिपोर्ट पोकलेनचा आहे, हे मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, “पुरुष लोक असंच म्हणतात.” जुन्या तेलाचा अंश आत राहिला असेल, तो पुढच्या वेळी निघून जाईल, असं मिस्त्रींचं मत. आणखी थोडे तास चालवून दुसरा नमुना पाठवायचा आहे. तोवर मी रोज दुपारी साइटवर पाहणीला जातो. ऑपरेटर आता बोलायला लागलाय, आणि त्याच्या डब्यातल्या ठेच्यात सोडियम भरपूर आहे.