टॉकीजच्या मागच्या बोळात

बेळगावात घर सापडायला नकाशा लागत नाही, वय लागतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नुसतं "रिट्झच्या पुढं या की" म्हटलं तरी तो चप्पल घालून निघतो. कॅम्पातलं ग्लोब, हंस, प्रकाश, चित्रा, नर्तकी, स्वरूप, कपिल, बालकृष्ण, एवढी टॉकीजची नावं पाठ असली की कुठल्याही गल्लीत शिरून माणूस बरोबर बाहेर पडतो. हंस टॉकीज रोड हा पत्ता तर अजून बिलांवर छापतात.

अडचण तिशीच्या आतल्यांची आहे. आणि घरपोच वस्तू आणून देणारे सगळे नेमके तिशीच्या आतले असतात.

आमचं घर एका टॉकीजच्या मागच्या बोळात आहे. टॉकीजचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या दारात रांग लागेल. बोळाला महापालिकेनं दिलेलं एक भारदस्त नावही आहे. ते फक्त घरपट्टीच्या पावतीवर दिसतं. बाकी सगळं 'टॉकीजच्या मागं'. गंमत एवढीच की टॉकीज पाडून जमाना झाला. तिथं आता तळघरासकट तीनमजली कॉम्प्लेक्स आहे.

त्यामुळं जेवायला बसलो की फोन वाजतो.

"सर, एल्लि बरबेकु?" म्हणजे कुठं यायचं.

"टॉकीजच्या मागं या."

"याव टॉकीज री?" म्हणजे कुठली टॉकीज.

"होती ती. पाडली."

पलीकडं शांतता. मग अत्यंत अदबीनं, "पाडली तर मी कुठं येऊ ओ सर? लोकेशन कळसरी."

लोकेशन पाठवलं. पंधरा मिनिटांनी परत फोन. "सर, इथं 'कायमचं बंद' दाखवूलंय. पार्सल परत पाठवू काय?" आमच्या भाच्यानं कधीतरी हौसेनं नकाशावर टॉकीजच्या नावाचा टाचणीबिंदू लावला होता, तो कुणा प्रामाणिक माणसानं दुरुस्त केला. तेव्हापासून नकाशाच्या लेखी आम्ही बंद पडलेल्या जागेत राहतो. शेवटी मी हातातला घास टाकून बनियनवर चौकात जाऊन उभा राहतो आणि वाहतूक पोलिसासारखे हात करतो. आमटी गार झालेली असते. घरचे म्हणतात, दुसरी खूण सांगा. दुसरी कुठली सांगणार? कॉम्प्लेक्स म्हटलं तर गावात कॉम्प्लेक्सला तोटा नाही. आणि ज्या इमारतीनं आमच्या तीन पिढ्यांची झोप मोडली, तिचं नाव एवढ्यात कसं सोडायचं?

झोपेचं अतिशयोक्तीनं सांगत नाही. टॉकीजची मागची भिंत आणि आमचं न्हाणीघर यांच्यात जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. भिंतीत एक मोठा पंखा बसवलेला, तोंड आमच्याकडं. त्यातून विड्यांचा धूर आणि संवाद दोन्ही बाहेर यायचे. मॅटिनी, तीनचा, सहाचा आणि रात्री नऊचा असे चारही खेळ आम्ही रोज फुकट ऐकायचो. बघायचो मात्र क्वचित, कारण वडिलांचं म्हणणं, "ऐकून पाठ झालाय की, आता त्यात बघायचं काय राहिलं?" पुढं टीव्हीवर ते चित्रपट बघितले तेव्हा मनातल्या चेहऱ्यांशी एकाचाही चेहरा जुळेना. ज्याला मी नायक समजत होतो तो बहुतेक वेळा पोलीस इन्स्पेक्टर निघाला.

आजीला हिंदी येत नव्हतं, पण वेळापत्रक पाठ होतं. रात्री अंथरूण घालून ती बसून राहायची. "थांब, आता थोरल्या भावाला गोळी लागंल, मग झोपूया." गोळी लागली की ती 'राम' म्हणून दिवा मालवायची. दादा कोंडक्यांचा चित्रपट लागला की निराळाच तमाशा. भिंतीतून संवाद यायला लागले की वडील घाईघाईनं धारवाड आकाशवाणीचा आवाज वाढवायचे आणि आजी तो कमी करायची.

एकदा धाकट्या आत्याला बघायला निपाणीकडची मंडळी संध्याकाळी आली. पोहे झाले, मुलीला नाव विचारून झालं आणि भिंतीपलीकडून नायिकेनं हंबरडा फोडला. मुलाची आई दचकून म्हणाली, "अगंबाई, घरात कोण रडतंय?" आजी शांतपणे बशा उचलत म्हणाली, "इंटरव्हलला थांबते ती." लग्न जमलं. निपाणीची माणसं एकंदरीत धीराची.

टॉकीजच्या ऑपरेटरला आम्ही मामा म्हणत असू. वरच्या त्या कोंदट खोलीत चहाची किटली पोचवायचं काम माझ्याकडं होतं. तिथं दोन मोठी मशिनं. हजार फुटांचं रीळ जेमतेम 11 मिनिटं चालतं. त्यामुळं एका मशिनवरचं संपत आलं की दुसरं सुरू करायचं. कधी, ते पडद्यावरच कळायचं. उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका लुकलुकला की मोटर चालू, थोड्या सेकंदांनी दुसरा ठिपका आला की झडप बदल. खाली बसलेल्यांना त्याचा पत्ता नसायचा. मामा मात्र चहाचा घोट तोंडात धरून त्या कोपऱ्याकडं बघत असायचे. प्रकाश कार्बनच्या दोन कांड्यांचा. त्यांच्या टोकांमध्ये झगझगीत ठिणगी पेटलेली असायची आणि कांड्या जळत जातील तशा त्या एकमेकींकडं सरकवत राहावं लागे. अंतर वाढलं की पडदा पिवळा पडायचा आणि थर्ड क्लासमधून मामांच्या खानदानाचा उद्धार सुरू व्हायचा. चहाच्या बदल्यात मला त्या कांड्यांची उरलेली थोटकं मिळत, वर तांब्याचा मुलामा आणि आत काळाकुट्ट कार्बन. त्या थोटकांनी आम्ही भिंतीवर काढलेले स्टंप पावसातही पुसले जात नसत. आणि बेळगावचा पाऊस म्हणजे काय, ते बेळगावात राहिल्याशिवाय सांगून कळायचं नाही.

इथल्या टॉकीजचं नशीब मुळातच तिठ्यावरचं. कॅम्पात लष्कर, म्हणून ग्लोबला इंग्रजी चित्रपट. गावात हिंदी आणि मराठी. कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आणि तिथं 1929 साली प्रभात फिल्म कंपनी निघालेली, त्यामुळं मराठी चित्रपट म्हणजे शेजारणीकडून आलेली भाजीची वाटी. तेव्हा आम्हीही मुंबई इलाख्यातच. 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो आणि करमणूक कराचा हिशेब बदलला. तो कर राज्याचा. महाराष्ट्रानं एखाद्या मराठी चित्रपटाला करमाफी दिली तरी ती सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं चालत नसे. तोच चित्रपट कागलात स्वस्त आणि निपाणीत महाग! कन्नड चित्रपटाला इकडं सवलत, मराठीला तिकडं, आणि प्रेक्षक एकच. तो दोन्हीकडं शिट्ट्या मारायचा. 2017 साली जीएसटी आला आणि हे भांडण दिल्लीनं मिटवलं, पण तोवर आमच्याकडं भांडायला टॉकीज कुठं उरल्या होत्या?

बंदचं तेच. आज कन्नड संघटनांचा बंद, उद्या मराठीवाल्यांचा. शटर दोन्ही दिवशी खाली. 1 नोव्हेंबरला तर निम्मं गाव राज्योत्सवाच्या मिरवणुकीत आणि निम्मं काळ्या दिनाच्या फेरीत. आमच्या टॉकीजचे मालक त्या दिवशी पोस्टरवर पोतं टाकून घरी झोपायचे. पोस्टर कुठल्याही भाषेतलं असलं तरी दगड बसण्याची शक्यता सारखीच, असा त्यांचा अनुभव. आम्हाला मात्र वर्षातून तेवढी एक रात्र शांत झोप मिळायची, म्हणून सीमाप्रश्नाबद्दल आजीचं मत मवाळ होतं.

खेड्यांची तऱ्हा वेगळी. खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडं पाऊस संपला की तंबू लागायचे. जत्रा असली तर गर्दी विचारू नका. तंबूत मशिन एकच, म्हणून दर रिळाला दिवे लागायचे. तेवढ्यात खारे दाणे विकून व्हायचे, हरवलेली पोरं सापडायची आणि बायकांच्या बाजूचा पडदा कुणीतरी नीट करायचं. माझे खानापूरकडचे मामा अजून म्हणतात, सलग चित्रपट बघवत नाही, मधे चर्चा करायला वेळ पाहिजे.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. 1987 साली रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागलं आणि रस्ते ओस पडले. व्हिडिओ त्याआधीच आला होता, मग केबल आली आणि खुर्च्यांतले ढेकूण तेवढे निष्ठेनं राहिले. शेवटी शेवटी आमच्या टॉकीजचे मालक रात्री नऊच्या खेळाला डोकी मोजून खेळ करायचा की नाही ठरवायचे. जागेचा भाव तिकिटांच्या भावाला कधीच मागं टाकून गेला होता. पाडायला मशिन आलं तेव्हा अख्खी गल्ली बघायला उभी होती. इतकी गर्दी मालकांनी शेवटच्या दहा वर्षांत पाहिली नसेल. हे त्यांनीच बोलून दाखवलं. तिकीट लावायला पाहिजे होतं, असंही म्हणाले.

राज्याचं नाव 1973 साली बदललं, 2014 साली गावाचं कागदोपत्री बेळगावी झालं, बोळाचं महापालिकेनं बदललं. पत्ता मात्र तसाच. कॉम्प्लेक्समधला मोबाइलवाला पोरगा वैतागलाय. दिवसभर कुणी ना कुणी त्याला विचारतं, टॉकीज कुठं ओ? सुरुवातीला तो 'इथं टॉकीज नाही' म्हणून भांडायचा. आता त्यानंच पाटी रंगवून घेतली आहे. वर दुकानाचं नाव बारीक आणि खाली टॉकीजचं ठळक. गिऱ्हाईक वाढलं म्हणतो.

मध्यंतरी चौकात एक नवीन हॉस्पिटल झालं. चकचकीत काचा, रात्रीसुद्धा लांबून दिसेल एवढा फलक आणि नकाशावर चालू. घरात ठरलं की आता हीच खूण सांगायची. मी लगेच फोनमध्ये पत्ता बदलायला घेतला. आई आतून म्हणाली, "तसलं काही घालू नकोस बाबा. हॉस्पिटलजवळ म्हटलं की निपाणीची आत्या शहाळी घेऊन येईल, आणि आली की पंधरा दिवस हलत नाही ती."