विद्यार्थ्यांचं वाङ्मयीन नियतकालिक जोमात कसं चालवावं

सुरुवात नावापासून करा. नावावर दोन महिने सहज भांडता येतं. संपादक मंडळात आठ जण घ्या, म्हणजे निदान दोघं तरी काम करतील.

पहिल्या संपादकीयात 'शब्द' या लघुनियतकालिकाचा उल्लेख हवाच. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या कवींनी ते सायक्लोस्टाइल करून काढलं, तेव्हा चित्रे सोळाच्या आसपास होते. एवढं लिहिलं की तुम्हीही त्याच परंपरेतले. सायक्लोस्टाइल म्हणजे काय, हे मंडळात कुणालाच ठाऊक नसलं तरी बिघडत नाही.

कविता व्हॉट्सॲपवर मागवा. त्या युनिकोडमध्ये येणार आणि डीटीपीवाले दादा श्री-लिपी या जुन्या फॉन्टांत बसलेले असणार. रूपांतरात रफार उडतात. 'सूर्य'चा 'सूय' झाला तर घाबरू नका, प्रयोगशील कविता म्हणून खपतो. कवीचा फोन मात्र रात्री अकराला येईल.

पानं चारच्या पटीत लागतात, हे छापखान्यात गेल्यावरच कळू द्या. उरलेल्या तीन पानांवर प्राचार्यांचं मनोगत छान बसतं.

मुद्रितशोधन? वाचक करतात ना.

आता वर्गणी. ती मागायची नसते. वर्गणी गणपतीची मागतात, साहित्याची सेवा असते. ३०० प्रती छापा आणि निम्म्या 'सप्रेम भेट' लिहून वाटून टाका. आमचे एक स्नेही काका आहेत, त्यांचा आदर्श ठेवा. वर्षभरात त्यांनी ११ कविता पाठवल्या, आम्ही दोन छापल्या, भेटप्रत घरी नेऊन दिली. चहा मिळाला, नाही म्हणत नाही. गेल्या गुरुवारी काकांनी अख्ख्या ६४ पानांचे मोबाइलवर फोटो काढले, पीडीएफ बनवली आणि तीन ग्रुपांवर टाकली. वर ओळ : 'तरुणांच्या धडपडीला आपण सर्वांनी हातभार लावू या.' हातभार भरपूर लागला. एका ग्रुपवर ११७ अंगठे मोजले मी. एका ताईंनी 'मागचे अंकही टाका ना' असंही लिहिलं. त्यावर काकांचं उत्तर : 'शोधतो.' त्या ११७ जणांत वर्गणीदार दोन. त्यातली एक माझी मामी.

आणि याच ग्रुपवर दर २७ फेब्रुवारीला मराठी मासिकं बंद पडल्याबद्दल हळहळतात. लांबलचक. शिरवाडकरांच्या फोटोसकट.

जाऊ दे, तिरकं बोलायचा कंटाळा आला. चार अंकांचे १६० रुपये होतात हो. वर्षाला. मिसळ खायला दोघं गेलात तर त्याहून जास्त बिल होतं, आणि तिथे कुणी हॉटेलवाल्याला 'तरुण आहेस, धडपडतोयस' म्हणून फुकट जेवून वर आशीर्वाद देत नाही. छापखान्याचे ९,४०० रुपये आमच्या अंगावर आहेत. त्यातले अडीच हजार एका मुलीने मेसच्या पैशांतून भरलेत, आणि तुम्हाला मागचे अंक हवेत! लाज वाटायला हवी. कौतुक नकोय आम्हाला, पुरे झालं कौतुक. अंक आवडत नसेल तर घेऊ नका, शिव्या घाला, चालेल. पण वाचायचा असेल तर विकत घ्या.

काका, नव्या सहा कविता मिळाल्या. आधी १६० रुपये पाठवा.