वाळूच्या घड्याळाने कुणाचं आयुष्य झरत नाही

गेले काही दिवस व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मजकूर फिरतोय. ‘घरात वाळूचं घड्याळ आहे? आजच बाहेर काढा!’ असा मथळा, खाली पाच मुद्दे आणि शेवटी एक मोबाईल नंबर. गटांवर येत होता तोवर मी दुर्लक्ष केलं. पण तो माझ्या बहिणीच्या सासूबाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी नातवाचे वाळूचे दोन्ही टायमर घंटागाडीत टाकून दिले. आता गप्प बसवत नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. वाळूचं घड्याळ हा आपल्या ऋषींचा ५,००० वर्षांपूर्वीचा शोध, सूर्यसिद्धान्त या खगोलशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात त्याचं वर्णन आहे आणि इंग्रजांनी तो चोरला. त्यात समुद्राची वाळू असते, चंद्राच्या ओढीमुळे ती पौर्णिमा-अमावस्येला जोरात पडते आणि हे ‘नासानेही मान्य केलंय’. युरोपात हे घड्याळ मृत्यूचं चिन्ह आहे, म्हणून ते असलेल्या घरातल्या लहान मुलांचं आणि आजारी माणसांचं आयुष्य वाळूसारखं झरतं. ते उलटं केलं की घरची बरकत उलटते. आणि उपाय म्हणून तांब्याचा पिरॅमिड मागवा.

पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांशेजारी ठेवून बघा. ऋषींनी शोधलेलं यंत्र, आणि तेच लेकरांच्या जिवावर उठतं? लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर एकदा तरी वाचायला हवा होता.

चंद्राचं आधी संपवू, कारण त्याचा हिशेबच करता येतो. चंद्रामुळे भरती येते हे खरं आहे. पण ती येते कारण समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आहे आणि चंद्राची ओढ सगळीकडे सारखी नसते; त्या फरकामुळे पाणी सरकतं. वीतभर घड्याळात असा फरक पडायला जागाच नाही. तरी चंद्राच्या बाजूने जास्तीत जास्त धरून चालू. भरती आणणाऱ्या बलामुळे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात साधारण एक कोटीत एक भाग इतका बदल होतो. वाळू पडण्याचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे परिणाम आणखी निम्मा. तीन मिनिटांच्या टायमरमध्ये हा फरक येतो एका सेकंदाचा लाखावा भाग. हे कुणाला डोळ्यांनी दिसलं म्हणे!

शिवाय त्यात समुद्राची वाळू असते हेच चूक आहे. किनाऱ्यावरच्या वाळूचे कण एकसारखे नसतात, तिच्यातलं मीठ ओल धरतं, कण एकमेकांना चिकटतात आणि बारीक भोकात अडकतात. घड्याळाला लागतात ते गोलसर, एकसारखे, खडखडीत कोरडे कण. आज बहुतेक वेळा काचेचे बारीक मणी वापरतात. १३९३ च्या सुमाराला पॅरिसमधल्या एका गृहस्थाने आपल्या तरुण बायकोसाठी घरकामाच्या सूचना लिहून ठेवल्या, त्यात घड्याळाच्या ‘वाळू’ची कृतीही आहे. काळा संगमरवर कापताना निघणारा भुगा घ्यायचा, वाइनमध्ये उकळायचा, वर आलेला मळ काढायचा, उन्हात वाळवायचा, आणि हे सगळं नऊ वेळा करायचं. अंड्याच्या टरफलांची पूडही वापरत.

आता इतिहास. इथे एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मी मनाविरुद्ध का होईना पण करतो. सूर्यसिद्धान्ताच्या तेराव्या अध्यायात काळ मोजण्याच्या यंत्रांच्या यादीत ‘ससूत्ररेणुगर्भैश्च’ असं खरंच आलेलं आहे. दोरा लावलेली, पोटात वाळू असलेली यंत्रं. म्हणजे वाळूने काळ मोजण्याची कल्पना आपल्याकडे माहीत होती. पण ग्रंथ त्याबद्दल इतकंच सांगतो. दोन फुगे, मध्ये अरुंद मान, काच, यातलं काहीही तिथे नाही. आणि त्याच अध्यायात दोन श्लोक पुढे गेलात तर आपलं खरं घड्याळ स्वच्छ शब्दांत दिलेलं आहे:

ताम्रपात्रमधश्छिद्रं न्यस्तं कुण्डेऽमलाम्भसि ।
षष्टिर्मज्जत्यहोरात्रे स्फुटं यन्त्रं कपालकम् ॥

तळाला भोक असलेलं तांब्याचं भांडं स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवायचं, ते दिवसरात्रीत ६० वेळा बुडतं. हेच घटिकापात्र. एकदा बुडलं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. बाबराने हिंदुस्थानातल्या घड्याळजींचं वर्णन लिहून ठेवलंय त्यातही हेच पाण्यातलं भांडं आणि पितळी थाळीवरचे टोल आहेत. आपल्याकडे लग्नात जोशीबुवा गंगाळात वाटी सोडून मुहूर्ताची वाट बघायचे ती हीच. इतकी सुंदर, मोजमापासकट लिहिलेली परंपरा हाताशी असताना ती बाजूला सारून परक्या वस्तूवर मालकी सांगायची, याचा मला मनापासून राग येतो.

५,००० वर्षांचं तर बोलायलाच नको. काच फुंकून पोकळ भांडी करण्याची कला इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे सुरू झाली. तिच्याआधी पारदर्शक फुगे येणार कुठून? दोन फुग्यांच्या घड्याळाचं जुन्यात जुनं चित्र म्हणून बहुतेक अभ्यासक ज्याकडे बोट दाखवतात, ते इटलीत सिएना शहराच्या नगरसभागृहातल्या भिंतीवर आहे. आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेलं. आणि ‘इंग्रजांनी चोरला’ म्हणाल तर १३४५ मध्ये एका इंग्रजी जहाजाच्या कारकुनाने युरोपातल्या फ्लँडर्स प्रांतातल्या स्लाइस बंदरात १२ काचेची घड्याळं पैसे मोजून विकत घेतल्याची नोंद आहे. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० मध्ये.

आता तो मृत्यूचा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

युरोपात कबरींवर वाळूचं घड्याळ कोरत, कधी त्याला पंख लावत, शेजारी कवटी ठेवत, हे खरं आहे. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१३ च्या प्रसिद्ध चित्रात घोडेस्वाराशेजारून चाललेल्या मृत्यूच्या हातातही ते आहे. पण त्याच ड्यूररने पुढच्याच वर्षी संत जेरोमचं चित्र केलं. उन्हाने उजळलेल्या खोलीत म्हातारा लिहीत बसलाय, पुढ्यात सिंह पेंगतोय आणि मागच्या भिंतीवर तेच घड्याळ टांगलंय. तिथे ते अभ्यासाच्या खोलीतलं रोजचं सामानही आहे. सिएनाच्या चित्रात तर ते धरलंय संयमाचं प्रतीक असलेल्या स्त्रीने, आणि चित्राचा विषय आहे चांगला राज्यकारभार. म्हणजे ज्या सर्वात जुन्या चित्रात ते दिसतं, तिथे त्याचा मृत्यूशी संबंधच नाही. जहाजांवर अर्ध्या तासाचं घड्याळ संपलं की पोरगा ते उलटं करी आणि घंटा वाजे, त्यावर खलाशांच्या पाळ्या चालत. चर्चमध्ये प्रवचन लांबू नये म्हणून ते व्यासपीठावर ठेवत. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत मतविभागणीची घंटा झाली की सदस्यांना आत यायला किती वेळ द्यायचा, तो आजही टेबलावरच्या वाळूच्या घड्याळाने मोजतात.

एखादी वस्तू सरत्या वेळाची आठवण करून देते म्हणून ती वेळ संपवत नाही. भिंतीवर कॅलेंडर लावल्याने कुणी लवकर म्हातारं होतं का?

माझा भाचा सहा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. हातातलं काम सोडून दुसरं सुरू करणं त्याला फार जड जातं. ‘अजून पाच मिनिटं’ या शब्दांतून त्याला काही कळत नाही आणि काट्यांचं घड्याळ अजून वाचता येत नाही. म्हणून त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने वाळूचे टायमर सुचवले, पाच मिनिटांचा हिरवा आणि दहा मिनिटांचा निळा. मी ते वापरताना त्याला पाहिलंय. टॅब हातात आला की तो स्वतः निळा उलटा करतो. वरच्या भांड्यात मधोमध खळगा पडतो, काठावरची वाळू त्यात घसरत राहते, आणि त्याची नजर टॅब आणि खळगा यांच्यात ये-जा करते. वाळूची आणखी एक खुबी इथे कामाला येते. पाण्याच्या भांड्यात पातळी उतरली की धार मंदावते. वाळूत मात्र वरच्या कणांचं बरंचसं वजन घर्षणामुळे भिंती पेलतात, आणि वर भरपूर असो की थोडी, धार जवळजवळ सारखीच राहते. जान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांचा अभ्यास करून हे भिंतींनी भार पेलणं मांडलं. म्हणजे मुलाला जे दिसतं त्यावर तो विसंबू शकतो. शेवटचे कण गेले की तो टॅब पालथा ठेवतो. रडारड नाही.

ते दोन टायमर गेले आणि घरात पुन्हा रोज संध्याकाळी आकांत सुरू झाला. कान झाकून जमिनीवर पडलेलं पोर आणि त्याच्याशेजारी बसलेली थकलेली बहीण. तिच्या सासूबाईंना मी बोल लावणार नाही. ‘लहान मुलांचं आयुष्य झरतं’ असं वाचल्यावर नातवावर जीव असलेली कुठलीही आजी तेच करील. मजकूर लिहिणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने लहान मुलं आणि आजारी माणसं निवडली. हा नीचपणा आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

बरकतीबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. ज्याने ते लिहिलं त्याने आधार दिलेला नाही, मीही त्यावर वेळ घालवत नाही.

राहिला पिरॅमिड. मला आलेल्या मजकुरांत वरचे सगळे मुद्दे शब्दशः तेच होते, शेवटचे नंबर मात्र वेगवेगळे. विकणारे तोच मजकूर उचलून आपापला नंबर चिकटवताहेत, आणि आपण तो ‘काळजीपोटी’ पुढे पाठवून त्यांची फुकट जाहिरात करतोय. तुमच्या गटात हा मजकूर ज्यांनी टाकला असेल त्यांना कृपा करून तो काढायला सांगा. आणि घरात असं मूल असेल तर टायमर हलवण्याआधी त्याच्या थेरपिस्टला एक फोन करा.