अर्म नदी पायी ओलांडायची असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक आधी उघडा

इंग्लंडमध्ये राहणारे मराठी ट्रेकर साउथ वेस्ट कोस्ट पाथवर जाताना पावसाचा अंदाज तीनतीनदा बघतात आणि भरती-ओहोटी मात्र बघत नाहीत. बाकी किनाऱ्यावर हे चालून जातं. दक्षिण डेव्हनमधल्या अर्म नदीच्या मुखाशी नाही चालत.

माइनहेडपासून पूल हार्बरच्या तोंडापर्यंत ६३० मैल, म्हणजे सुमारे १,०१४ किलोमीटर जाणारी ही वाट आहे. मध्ये बऱ्याच नद्या समुद्राला मिळतात. बहुतेक ठिकाणी पूल आहे, नाहीतर होडी. अर्मवर मुखाजवळ दोन्ही नाही. पश्चिमेला मॉदकम, पूर्वेला वॉनवेल, आणि मधला जुना उतार, म्हणजे नदीतली उथळ जागा, ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालत पार करायचा. साधारण परिस्थितीत पाणी गुडघ्याच्या आसपास असतं. नेमकी हीच ओळ लोक एकमेकांना सांगतात आणि तिच्यातली ‘साधारण परिस्थिती’ गाळून टाकतात. मला यातलं सगळ्यात धोकादायक हेच वाटतं.

नियम असा: ओहोटीच्या तळाच्या आधी एक तास ते नंतर एक तास, एवढ्यातच उतरायचं. अर्मची वेळ साधारण प्लिमथच्या डेव्हनपोर्ट बंदराइतकीच असते, म्हणून कोष्टक डेव्हनपोर्टचं घ्यायचं. ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या ईझीटाइड या संकेतस्थळावर पुढच्या काही दिवसांच्या वेळा फुकट मिळतात. एक गोष्ट मात्र दोनदा तपासा: छापील कोष्टकं बहुधा ग्रीनिच वेळेत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे त्या काळात कोष्टकातल्या वेळेत एक तास मिळवायचा. हा तास विसरलात तर दोन तासांच्या मुदतीतला अर्धा भाग गेलाच.

कोकणातल्या माणसाला इथे वेगळी चूक होऊ शकते. मुंबईकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती. डेव्हनपोर्टला उलट आहे. तिथे उधाणाच्या दिवसांत भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास येते आणि बाराच्या सुमाराला ओहोटी असते. उन्हाळी घड्याळाप्रमाणे ती एक-दीड वाजता पडते. चालणाऱ्यांसाठी हे उत्तमच: अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडले तर पाणी सगळ्यात खाली उतरतं आणि तेही भर दुपारी, उजेडात. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी पडते आणि पाणी नीट उतरतही नाही. डेव्हनपोर्टला उधाणाच्या ओहोटीची सरासरी पातळी साधारण ०.८ मीटर, भांगाची २.२ मीटर. हा दीड मीटरच्या जवळचा फरक अंगावर येतो. म्हणून रजेचा दिवस आधी आणि तिथी नंतर, असा क्रम ठेवू नका. दर दिवशी ओहोटी साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे शनिवारी जमलं नाही तर रविवारचा हिशेब नव्याने करावा लागतो.

एकच तास का, हेही समजून घ्या. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी-भरतीतल्या एकूण फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. डेव्हनपोर्टला उधाणाचा फरक ४.७ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे समुद्राची पातळी पहिल्या तासात चाळीसेक सेंटिमीटर, दुसऱ्या तासात ऐंशीच्या जवळ आणि तिसऱ्यात सव्वा मीटरच्या आसपास चढते. ‘अजून वीस मिनिटं थांबू, फोटो काढू’ हा विचार पहिल्या तासात खपतो, दुसऱ्यात नाही.

आता कोष्टकात न दिसणाऱ्या गोष्टी. अर्म डार्टमूरच्या पठारावर उगम पावते आणि आयव्हीब्रिजवरून खाली येते. किनाऱ्यावर ऊन असलं तरी आदल्या रात्री डार्टमूरवर जोरदार पाऊस झाला असेल तर मुखाशी पाणी फुगलेलं असतं, गढूळ असतं, आणि ओहोटीतही ओढ कमी होत नाही. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या संकेतस्थळावर अर्मिंग्टन इथली नदीची पातळी दिसते. निघण्याआधी ती नेहमीपेक्षा वर आहे का ते बघा. दुसरी गोष्ट हवेचा दाब. दाब एक मिलिबार घटला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. वादळी दिवशी ९८० मिलिबार असेल तर कोष्टकापेक्षा तीसेक सेंटिमीटर जास्त पाणी धरा. तिसरी गोष्ट नैऋत्येकडून येणारी लाट. मुख दक्षिणेकडे उघडं असल्याने मोठ्या लाटांच्या दिवशी पाणी आत ढकललं जातं. यातली एकही गोष्ट बिनसली असेल तर उतरू नका.

उतरायचं कुठे? मॉदकमचा समुद्रकिनारा नव्हे. तिथून पलीकडचा काठ जवळ वाटतो, पण तो मुखाचा भाग आहे. जुन्या कोस्टगार्ड कॉटेजेसजवळचा स्लिपवे (होड्या पाण्यात उतरवायचा उतरता धक्का) गाठा आणि तिथून समोरच्या वॉनवेलच्या स्लिपवेकडे चला. त्या पट्ट्यात तळ वाळूचा, खड्यांचा आणि घट्ट आहे. वर, नदीच्या आतल्या अंगाला गेलात तर गाळ लागतो आणि गाळात पाय अडकला की भरती वाट बघत नाही. प्रवाहाची खोल रेघ वाळूसोबत सरकत राहते, म्हणून गेल्या वर्षीच्या फोटोवरून मार्ग ठरवू नका. पाणी कुठे पसरट आणि खळाळतं आहे ते काठावरून दोन मिनिटं बघा.

बूट काढून पिशवीत टाका, पण अनवाणी जाऊ नका. मागे पट्टा असलेले सँडल चांगले. रबरी चपला प्रवाह हिसकावून नेतो. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकन टाकता येते. काठी असेल तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेका, तोंड थोडं प्रवाहाकडे ठेवा, एका वेळी एकच पाय हलवा. पाणी मांडीच्या वर आलं तर मागे फिरा, पुढे रेटू नका. लहान मुलांना खांद्यावर घेऊन जाणं मला चुकीचं वाटतं: तोल वर सरकतो आणि दोन्ही हात अडकतात. अडचण आली तर ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागायचा. पोलीस किंवा रुग्णवाहिका नव्हे.

पश्चिमेकडून येणाऱ्याने नॉस मेयोहून मॉदकमपर्यंतचे तेरा-चौदा किलोमीटर आधी हिशेबात धरावेत. वाट बऱ्यापैकी सोपी आहे, तरी चार तास ठेवा आणि ओहोटीच्या तासभर आधी काठावर पोचा. पुढे वॉनवेलनंतर खरी दमछाक. वेस्टकम, एर्मर कोव्ह, चॅलबरो असे एकामागून एक चढउतार, बिगबरीपर्यंत साधारण आठ किलोमीटर. त्यानंतर एव्हन नदी आडवी येते, आणि तिथे गणित उलटं: तिथे पाण्यात उतरायचं नाही. पाणी उथळ दिसतं, पण प्रवाह फसवा आहे. कॉकलरिजहून बँथमला होडी असते, पण फक्त हंगामात आणि दिवसातल्या ठरावीक वेळीच. त्या वर्षीचं वेळापत्रक आधी बघा. दुपारची होडी पकडायची असेल तर अर्म ओलांडल्यावर साडेतीन तास हातात हवेत. होडी चुकली तर एव्हटन गिफर्डवरून काठाकाठाने फिरून जाणारी खुणांची वाट आहे, मात्र गावाजवळचा भरतीत बुडणारा रस्ता तपासूनच घ्या. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल २०. फोनचं नेटवर्क या दऱ्यांत भरवशाचं नाही.

आणि अर्मची ओहोटी चुकली तर? तेरा-चौदा किलोमीटरचा फेरा, बराचसा डांबरी रस्त्यांनी. दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध आणि झुडपं, मध्ये एक गाडी जाईल एवढीच रुंदी, पदपथ नाही, वळणापलीकडचं दिसत नाही. हा फेरा चालण्यापेक्षा टॅक्सी बरी, असंच मी सांगेन. माझा खरा आक्षेप इथे आहे. २००९ च्या सागरी आणि किनारी प्रवेश कायद्याने इंग्लंडच्या संपूर्ण किनाऱ्यावर पायवाट करायचं ठरवलं, पण नदीमुखांच्या बाबतीत ती वाट आत पहिल्या पुलापर्यंत न्यायची की नाही हे नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेच्या मर्जीवर सोडलं. अर्मच्या काठावर बरीच जमीन खासगी इस्टेटीची आहे, आणि तिथे सलग वाट झालेली नाही. परिणाम असा की उशीर झालेला माणूस मोटारींमधून जाण्यापेक्षा पाण्यात उतरणं पसंत करतो.

मला पूल नको आहे. पाण्यातून जाणारा उतार तसाच राहू द्या. भरती-ओहोटी समजून घेतल्याशिवाय पार न होणारी वाट उरली आहे, हे मला मोलाचं वाटतं. पण दोन्ही काठांनी शेतांच्या कडेकडेने, पिवळ्या बाणांची दीड मीटर रुंद पायवाट सीकर्स ब्रिज या आतल्या पहिल्या पुलापर्यंत व्हायला हवी, आणि दोन्ही स्लिपवेंवर त्या दिवसाची ओहोटीची वेळ उन्हाळी घड्याळाप्रमाणे लिहिलेला फलक. शेताच्या बांधाने जाणाऱ्या सार्वजनिक वाटेसाठी इंग्लंडच्या कायद्यात आधीपासून तेवढीच रुंदी दिलेली आहे.